जाळी आलेले फोटो

दामूभाऊ,

मंडळाच्या अंकात तुमच्यावर एक पान लिही, असं मला सांगितलंय. सभ्य भाषेत लिही, असंही सांगितलंय. ‘कै. दामोदररावांच्या जाण्यानं भिलाईतल्या मराठी समाजाची अपरिमित हानी झाली आहे’ हे पहिलं वाक्य सेक्रेटरींनी स्वतःच्या हातानं लिहून दिलं, म्हणजे मला सुरुवात सोपी जावी. मी तो कागद कमलवहिनींकडे नेला. त्यांनी वाचला, त्याची घडी घातली, आणि चुलीवरून दुधाचं पातेलं उतरवून त्याच्यावर ठेवलं.

हानी अपरिमित नाही, दामूभाऊ. तिचं माप मी पाहिलंय. उजव्या अंगठ्याच्या बुडाशी ज्वारीच्या दाण्याएवढं एक भोक. तेवढ्यातून अख्खा माणूस निघून गेला.

तुमचा जन्म कुठला, शिक्षण किती, नोकरीला कधी लागलात, हे मी लिहिणार नाही. ज्यांना पाहिजे त्यांनी ऑफिसात विचारावं. मला तुमच्याशी भांडायचंय. आपलं भांडण अर्धवट राहिलं, आणि ते तुम्ही मुद्दाम अर्धवट ठेवलं होतं, हे मला तुम्ही गेल्यावर कळलं. हा राग आधी लिहून घेते. रडायचं मग पाहू.

आपली ओळखही भांडणातूनच. खुर्सीपारच्या झोपड्यांना पाण्याचा एकच नळ होता आणि त्याच्या रांगेचा फोटो मला पत्रकात छापायचा होता. दुर्गहून सायकल हाणत आले आणि तुमच्या डार्करूमचं दार ठोकलं. पोलाद कारखान्याच्या साइटवर कामाच्या प्रगतीचे फोटो काढायची तुमची नोकरी. दर महिन्याला त्याच जागी उभं राहायचं आणि तीच चिमणी काढायची, आणखी थोडी उंच झालेली. साहेबांचा हुकूम होता की फोटोत माणसं नकोत, काम दिसू द्या. तुम्ही मजुरांना ‘जरा बाजूला व्हा’ म्हणायचात आणि ते डोक्यावरच्या घमेल्यासकट बाजूला व्हायचे. हे तुम्हीच मला सांगितलंत आणि माझं डोकं फिरलं.

“लाज नाही वाटत?” मी विचारलं. पहिल्याच भेटीत.

तुम्ही औषधानं तपकिरी पडलेली बोटं फडक्याला पुसत म्हणालात, “वाटते. पण तू कोणाची पोरगी वं?”

“गार्डबाबूंची. दुर्ग स्टेशन.”

“मंग बरोबर. शिट्टी मारायची सवय घरचीच हाय.”

नळाच्या रांगेचा फोटो तुम्ही काढून दिलात. पत्रक छापून आलं तेव्हा ते डोळ्यांजवळ धरून वाचलंत आणि म्हणालात, “एका पानावर इतकी उद्गारचिन्हं? छापखान्यातले खिळे सरून जातील, पत्रकवाली.” तेव्हापासून मी पत्रकवाली. माझं खरं नाव तुम्हाला ठाऊक होतं की नाही, याची मला अजून शंका आहे.

आता त्या बंगल्याचं लिहिते. हे वाचणाऱ्यांना ते सगळं माहीत नाही, आणि ज्यांना माहीत आहे ते बोलत नाहीत.

कुम्हारीच्या पुढे रायपूर रोडला मातीकामाच्या एका ठेकेदाराचा बंगला आहे. जागा मोकळी करताना झाडं पडली, झाडांबरोबर घरटी पडली. त्याच्या माणसांना जे पक्षी सापडले ते त्यांनी मालकाला नेऊन दिले. मालक मोठा धार्मिक. त्यानं बंगल्याच्या मागे जाळीचे पिंजरे बांधले. त्यात एक शिक्रा, एक घुबड, दोन घारी, आणि ज्याला तो हात जोडून ‘गरुड महाराज’ म्हणायचा तो पक्षी. दिवाळीला साहेब लोकांना वाटायला त्याला कॅलेंडर काढायचं होतं. वर गरुडाचा मोठा फोटो, खाली फर्मचं नाव. त्यानं तुम्हाला बोलावलं आणि एकच अट घातली. फोटोत जाळी दिसता कामा नये.

पहिल्या रविवारी मी तुमच्यासोबत आले. बसमध्ये तुम्ही बॅग मांडीवर घेऊन बसला होतात, एखाद्या लेकराला घ्यावं तशी. मायदेशी परतणाऱ्या एका रशियन इंजिनियरकडून घेतलेला तो जाडजूड कॅमेरा. वहिनी त्याला सवत म्हणायच्या.

“गरुड नाही हे,” पिंजऱ्यापाशी तुम्ही मला हळूच सांगितलंत. “मोरघार हाय. मादी. डोक्यावरचा तुरा पाह्य.”

ती मागच्या दांडीवर बसली होती. तिनं आपल्याकडे पाहिलं, म्हणजे मान वळवली आणि तो पिवळा डोळा आपल्यावर ठेवला. मी एक पाऊल मागे सरले. तुम्ही पुढे गेलात. लेन्स जाळीला टेकवलीत, अगदी तारेला काच लागेल इतकी, डाव्या हाताची बोटं तारांत अडकवून कॅमेरा घट्ट धरलात आणि गप्प उभे राहिलात. किती वेळ कोण जाणे. माझे पाय दुखायला लागले. ती दांडीवरून हलून आणखी मागे भिंतीकडे गेली तेव्हा कुठे खटका वाजला.

परत येताना तुम्ही समजावून सांगितलंत. जाळी लेन्सच्या इतकी जवळ आणायची की लेन्सला ती दिसूच नये. झडप पूर्ण उघडायची. पक्षी जितका मागे, जाळी तितकी विरघळते. “जाळीले भ्यायचं नाही,” तुम्ही म्हणालात, “तिच्यापासून दूर राह्यलं तं ती दिसते. चिकटून राह्यलं तं ती जाते.”

मी बसमध्येच ओरडले. “जात नाही. तुम्ही पुसता. पिंजरा आहे आणि तुम्ही तो फोटोत ठेवत नाही. तिकडे चिमणीच्या फोटोतून माणसं काढता आणि इकडे पक्ष्याच्या फोटोतून जाळी. दोन्हीकडे मालकाला जे नको तेच काढता.”

कंडक्टर वळून बघायला लागला. तुम्ही म्हणालात, “कावून ओरडून राहिली? जाळी साऱ्याईले दिसते. त्या घरात येणारा हर माणूस जाळी पाहते आन् म्हणते, वा, काय मजबूत पिंजरा हाय. तिच्याकडे कोण पाहते? मले ती पाहिजे.”

“आणि मला जाळी पाहिजे. जाळी आणि ती थाळी.”

थाळीचं लिहायलाच पाहिजे. पिंजऱ्यात पितळेची घासलेली थाळी होती आणि थाळीत दूध-रोटी. शिकारी पक्ष्यापुढे दूध-रोटी. ठेकेदार स्वतः समोर उभा राहून मला प्रेमानं सांगत होता, “हमारे यहाँ मांस नहीं आता, बेटी। भगवान का वाहन है, सात्विक ही खाएगा।” संध्याकाळी पिंजऱ्यासमोर आरती व्हायची. पाखरं सांभाळायला चैतराम होता, जवळच्याच गावचा. तो चोरून उंदीर, सरडे पकडून घालायचा. तेवढ्यानं पाच पक्ष्यांचं काय होणार? पावसाळा संपेपर्यंत शिक्रा मेला. मग घुबड. मग घारी, एकीमागून एक. त्या मेल्या तेव्हा मालकानं चैतरामला गंगाजल शिंपडायला लावलं. उपाशी मारायचं आणि वरून शिंपडायचं, हा धर्म मला कोणी समजावून सांगावा.

मी तुमच्यापुढे हात जोडले होते, दामूभाऊ. एक फोटो द्या म्हटलं. तारा स्वच्छ दिसतील, मागे ती दिसेल, पुढे दूध-रोटीची थाळी. मी छापायला ब्लॉक करून घेते, खुर्सीपारपासून दुर्गपर्यंत वाटते. तुम्ही मान हलवलीत.

“जाळीचा फोटो मी काढत नाही.”

“काढत नाही की काढायची हिंमत नाही?”

“तसं समज.”

मी तसंच समजले. तुमच्यासोबत त्या बंगल्यावर जाणं बंद केलं. चहाच्या टपरीवर तुम्हाला ‘कॅलेंडर आर्टिस्ट’ म्हटलं, चार लोकांसमोर. तुम्ही हसलात आणि माझ्या चहात साखर जास्त टाकायला सांगितलीत, म्हणजे तोंड गोड होईल. मग खिशातून एक फोटो काढून माझ्या हातात दिलात. पहिल्या रविवारचा. फक्त तिचं डोकं, तुरा, छाती आणि तो डोळा. जाळीचा मागमूस नाही. ती जणू माझ्याच खोलीत बसून माझ्याकडे पाहत होती. मी तो फोटो फाडणार होते. फाडला नाही. तो अजून माझ्या टेबलावर उलटा ठेवलेला आहे, कारण सरळ ठेवला की काम सुचत नाही.

तुम्ही मात्र जातच राहिलात. दर रविवारी बॅग उचलायची आणि कुम्हारीची बस धरायची. वहिनी म्हणायच्या, “सवतीले घेऊन सवतीकडे चालले.” दिवाळी आली, गेली. कॅलेंडर काही निघालं नाही, मालकानं ते पुढच्या दिवाळीवर टाकलं. मी टोचून विचारलं, “इतक्या रविवारांत एक फोटो जमेना?”

“जाळी येऊन राहिली बाप्पा,” तुम्ही म्हणालात. “हात थरथरते आताशा.”

मला तुमची कीव आली.

आणि मग तो रविवार. पळस फुलले होते, बंगल्याच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी नुसता लाल. तुमच्या कॅमेऱ्याच्या बॅगेत फिल्मच्या डब्यांखाली केळीच्या पानात बांधलेलं मटण असायचं, खुर्सीपारच्या खाटकाकडचं, हे तोवर फक्त चैतरामला माहीत होतं. बंगल्यात कोणाला कळू नये म्हणून तुम्ही एका डोळ्यानं कॅमेऱ्यात बघत उभे राहायचात आणि उजव्या हातानं तुकडे तारांतून आत सरकवायचात. चिमटा नाही, काडी नाही, कारण लांबून दिसेल. त्या दिवशी आतून मालकाची हाक आली. तुम्ही दचकलात. हात वेळेवर मागे आला नाही. तिनं मांस पकडलं आणि मांसाबरोबर अंगठा.

तिची चूक नव्हती. हे तुम्ही चैतरामला म्हणालात, वहिनींना म्हणालात, मला म्हणालात. “तिची चूक नाही. कोणाले तिले काई करू देऊ नका.” तुमचं शेवटचं धड वाक्य तेच.

बाकी सगळी चूक तुमची, दामूभाऊ, आणि ही मी माफ करणार नाही. रुमाल बांधून तुम्ही घरी आलात. वहिनींनी हळद लावायला घेतली तर म्हणालात, “हळद कायले? हायपोत हात घातला की सारे जंतू मरतात. इतके वर्ष त्यातच हात हाय माया, कधी फोडसुद्धा आला का?” आणि तुम्ही खरंच डार्करूममध्ये जाऊन त्या जखमेसकट हात हायपोच्या ट्रेमध्ये बुडवलात. वरून प्रिंटही धुऊन काढल्या. डार्करूमवाले सगळे असेच. ज्या पाण्यात फोटो पक्का होतो त्यात माणूसही पक्का होईल असं वाटतं तुम्हाला. सुई घ्यायला चला म्हणून वहिनी मागे लागल्या, तर तुम्ही साइटवर निघून गेलात, चिमणीचा महिन्याचा फोटो घ्यायला.

मग जबडा धरला.

धनुर्वाताच्या माणसाला अंधारात ठेवतात, हे मला तेव्हा कळलं. खिडक्यांना काळा कपडा. उजेड पडला की अंगाला झटका येतो, आवाज झाला की येतो, कोणी खाटेला हात लावला तरी येतो. नर्सनं दाराशीच ओठांवर बोट ठेवलं. तुमचं अर्धं आयुष्य डार्करूममध्ये गेलं, आणि शेवटी तुम्ही तिथंच आणून टाकलेले. मी खाटेपासून दूर भिंतीला टेकून उभी. मी, जी बसमध्ये ओरडते, सभेत ओरडते, जिला तुम्ही शिट्टी म्हणायचात. माझा एक शब्द तुम्हाला धनुष्यासारखं वाकवू शकत होता. म्हणून मी गप्प राहिले. आपल्या ओळखीत पहिल्यांदाच तुम्हाला माझी बडबड ऐकावी लागली नाही. अंधारात तुमचे डोळे उघडे होते. तुम्ही माझ्याकडे बघत होतात आणि काहीतरी सांगायचं होतं तुम्हाला. जबडा उघडला नाही. झटका आला. नर्सनं मला बाहेर काढलं.

काय सांगायचं होतं ते आता कळलंय. पण ते पुढे.

तुम्ही गेलात आणि चैतराम धापा टाकत वहिनींकडे आला. मालकाला मटणाचं कळलं होतं. घर बाटलं म्हणून सगळा बंगला धुऊन काढला. आणि पक्ष्यानं माणसाचं रक्त चाखलं, आता तो गरुड राहिला नाही, मनहूस झाला. तेरवीपर्यंत थांबायचं आणि मग बहेलियाला, म्हणजे पाखरं धरणाऱ्या पारध्याला बोलावून त्याची विल्हेवाट लावायची, असा हुकूम.

मी रात्रीतून पत्रक लिहिलं. मथळा ‘खुनी कोण?’. वहिनींनी ते वाचलं आणि विचारलं, “हे वाटल्यावर तो तिले सोडंन का मारंन?”

मी पत्रकाची घडी घातली.

“मंग ठेव सध्या,” त्या म्हणाल्या.

दहाव्याला शिवनाथ नदीच्या काठी सगळे जमले. बायकांनी घाटावर यायचं नसतं, असं तुमच्या थोरल्या भावानं सांगितलं. वहिनी त्यांच्या आधी जाऊन उभ्या होत्या. पिंड ठेवला. समोरच्या आंब्यावर कावळे होते, पण एक खाली येईना. तुम्हाला माहीत आहे, मी हे मानत नाही. मेलेल्या माणसाची इच्छा कावळ्याला कळते म्हणे, आणि जिवंत माणसाची नळाच्या रांगेत उभ्या असलेल्या कोणाला कळत नाही. पण मीही वर बघत होते, खोटं कशाला सांगू. ऊन चढलं. भाऊ पुढे होऊन म्हणाले, “दामू, कमलचं सारं मी पाहीन.” कावळा हलला नाही. आणखी कोणीतरी काहीतरी कबूल केलं. नाही. भटजी दर्भाचा कावळा करायला बसले.

तेव्हा वहिनी पदर खोचून पुढे आल्या आणि मोठ्यानं म्हणाल्या, सगळ्यांना ऐकू जाईल असं, “अहो, ऐका. तुमच्या मोरघारले मी त्या जाळीतून काढीन. माझा शब्द हाय.”

आणि वरून एक घार आली. कावळा नाही, घार. कोणाला कळायच्या आत तिनं पिंडाचा गोळा उचलला आणि नदीवरून निघून गेली. कावळे आरडाओरडा करत मागे लागले. भटजी दर्भ हातात धरून बसलेले. “हे धरत नाहीत,” ते म्हणाले, “काकस्पर्श पाहिजे.”

“तुमच्यात पाहिजे असंन,” वहिनी म्हणाल्या. “ह्यांच्यासाठी हीच पाहिजे होती.”

कोणीतरी हसलं. बहुतेक मीच. नदीकाठच्या घारी भाताचा गोळा उचलतात, त्यात काही नवल नाही. मी योगायोग म्हणते आणि म्हणत राहीन. पण ती बातमी आमच्या आधी कुम्हारीला पोचली होती.

वहिनी आणि मी बंगल्यावर गेलो तेव्हा ठेकेदार व्हरांड्यात उभाच होता. ज्या माणसाला मी वर्षभर सभांतून शिव्या घातल्या तो एका विधवेच्या शब्दाला घाबरला होता. “ले जाइए, बहनजी। जाने वाले की इच्छा है, मैं बीच में नहीं आऊँगा।” पत्रकानं जे झालं नसतं ते एका घारीनं केलं. लिहिताना दात खातेय मी.

पण तेवढ्यावर तो थांबला नाही. आत जाऊन एक पाकीट घेऊन आला आणि वहिनींच्या हातात कोंबलं. “और ये भी ले जाइए। इतने इतवार आया आपका आदमी। हर बार बोला, सेठजी, जाली आ गई, फिर आना पड़ेगा। देख लीजिए। फोटो खींचना उसको आता ही नहीं था।”

वहिनींनी फोटो बाहेर काढले. एकेक करून पाहिले आणि माझ्याकडे दिले. सगळ्यांत जाळी. नुसती आलेली नाही, दामूभाऊ, चाकूनं कोरल्यासारखी. तारेवरचा गंज दिसतो, तारेत अडकलेलं पिसाचं सूत दिसतं. मागे ती, धूसर, पिंजऱ्याच्या कोपऱ्यात. आणि प्रत्येक फोटोत खाली, बरोबर मधोमध, ती दूध-रोटीची थाळी.

ज्या माणसाच्या लेन्सला जाळी कधी दिसलीच नाही, त्याची ही चूक नव्हती.

वहिनी हसायला लागल्या. व्हरांड्यात, पांढऱ्या लुगड्यात, तोंडाला पदर लावून. ठेकेदार बघतच राहिला. त्याला वाटलं, बाई दुःखानं खुळी झाली. “हात थरथरते म्हणे,” त्या मला म्हणाल्या आणि पुन्हा हसल्या, आणि मग हसणं कधी बदललं ते मला कळलं नाही.

म्हणजे माझा फोटो तुम्ही काढला होता. एक नाही, ढीगभर. थाळीसकट. आणि माझ्या तोंडावर सांगितलंत की जाळीचा फोटो मी काढत नाही. तो मी छापला असता तर त्या बंगल्याचं फाटक तुम्हाला बंद झालं असतं. फाटक बंद झालं असतं तर ती पाचवी मेली असती. मला सांगायचं होतं, दामूभाऊ. मी गप्प बसले असते.

नसते बसले. तेही तुम्हाला माहीत होतं.

चैतरामनं पिंजऱ्याचं दार उघडलं आणि बाजूला झाला. ती दांडीवरून उतरली, दारापाशी आली, थांबली. इतकी वर्षं मोर्चे काढले, पण एखादं दार खरोखर उघडताना मी पाहिलं नव्हतं. ती दारात पुढे झुकली, पंख उघडले आणि मातीवर पडली. तोंडावर. उठली, पुन्हा उघडले, पुन्हा कलंडली. उजव्या पंखाची लांब पिसं अर्ध्यात कापलेली. कात्रीनं, सरळ रेषेत, नवीन वहीची पानं कापावीत तशी. गरुडाची आरती करायची आणि गरुडाचे पंख कापायचे.

“बाबू ला पता रहिस,” चैतराम माझ्याकडे न बघता म्हणाला.

तुम्हाला ठाऊक होतं. तुमच्या चांगल्या फोटोत नेहमी डोकं, तुरा, छाती. पंख कधीच नाही. मी जाळीवरून भांडत राहिले आणि खरी गोष्ट फोटोच्या चौकटीबाहेर होती. चैतरामनं सांगितलं ते असं, की पक्षी आणला तेव्हाच मालकानं पिसं कापायला लावली होती, नवी आली की पुन्हा कापायचा हुकूम होता, आणि बाबूनं चैतरामकडून वचन घेतलं होतं की या वेळी कापायची नाहीत. कापलेली पिसं आपोआप गळतात, नवी येतात, पण पोटात मांस असेल तरच नीट येतात. तेवढा एक उन्हाळा काढायचा होता तुम्हाला. खोटे फोटो दाखवत, मटण पोचवत, रविवार ढकलत. पंख भरले की चैतराम कडी लावायला विसरणार होता. अंधारात, काळ्या कपड्यामागे, तुम्हाला हेच सांगायचं होतं मला. की दार उघडायची घाई करू नका, ती अजून उडू शकत नाही.

आम्ही तिला चैतरामच्या घोंगडीत गुंडाळून बसनं आणली. कंडक्टर तोच होता. या वेळी मी ओरडले नाही.

आता ती तुमच्या क्वार्टरच्या मागच्या अंगणात असते. साइटवरून आणलेल्या एका पाइपाची दांडी केलीय. वहिनींनी स्वतः मांस सोडलंय, पण रोज सकाळी खुर्सीपारच्या खाटकाकडे जातात. शेजारणी म्हणतात, विधवेनं घरी घार पाळली, अपशकुन आहे. वहिनी म्हणतात, होय बाई, व्हायचा तो होऊन गेला.

तुमचा कॅमेरा त्यांनी मला दिला. तुम्ही घातलेली फिल्म अजून आत आहे, काही फोटो शिल्लक आहेत. परवा मी तिच्यासमोर बसले. जाळी नाही, तार नाही. तुम्ही जायचात तितकं जवळ जायचं ठरवलं. तिनं तुरा उभा केला. मी थांबले. आणखी एक वीत सरकले, आणि तिथं माझं धैर्य संपलं. तेव्हा कळलं की तो डोळा माझ्या टेबलावर इतक्या जवळून बघतो, ते जवळ येणं जाळीच्या भरवशावरचं होतं. मध्ये जाळी होती म्हणून तुम्हीही तिच्या इतके जवळ गेलात. मी खटका दाबला नाही. ती अशी कोपऱ्यात बसलेली, अर्ध्या पंखाची, मला फोटोत नको होती. तुम्ही पंख का काढत नव्हतात, ते समजलं. पटलं असं नाही. माझं मत तेच आहे. जाळी दिसायला पाहिजे होती.

म्हणून या पानासोबत सेक्रेटरी तुमचा टायवाला फोटो मागतायत, तो मी देत नाही. पाकिटातला एक देतेय. तारा स्वच्छ, थाळी मधोमध, खाली तुमचं नाव. ठेकेदार मंडळाच्या गणपतीला मांडव देतो, त्यामुळे सेक्रेटरी कचरतील. त्यांनी हा फोटो वगळला तर हे पानही वगळावं. मग मी ते स्वतः वाटीन, खुर्सीपारपासून दुर्गपर्यंत. फाटक आता बंद झालं तरी चालेल. आणि शोधून पाहा, दामूभाऊ, या अख्ख्या पानावर एक उद्गारचिन्ह नाही. खिळे शिल्लक राहिलेत.

काल सकाळी अंगणात पहिलं पीस गळलेलं सापडलं. उजव्या पंखाचं, अर्ध्यात कापलेलं. मला वाटलं आजारी पडली, मी घाबरून वहिनींना हाक मारली. त्यांनी ते उचललं, कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं आणि माझ्या हातात दिलं.

“हे ठेकेदाराचं होतं,” त्या म्हणाल्या. “आता येईन ते तिचं.”